सव्वीस तारखेचा खाडा

मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये काम करते. हजेरी, पाळ्यांचे तक्ते, रजा, ओव्हरटाइमचे तास हे सगळं माझ्या टेबलावरून पगार विभागाकडे जातं. एकोणीस वर्षं झाली. मस्टरमध्ये मी एक अक्षर लिहिलं की कुणाचा तरी एका दिवसाचा पगार होतो किंवा जातो, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत माझ्या हातून जी चूक झाली, ती नीट लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं. मस्टर लिहिणारी माझ्यासारखी माणसं जागोजागी आहेत आणि ही चूक त्यांच्याही हातून होऊ शकते.

आमच्या कारखान्याच्या भागात मतदान १३ मे रोजी, सोमवारी होतं. एप्रिलमध्येच राज्य सरकारच्या कामगार विभागाचं परिपत्रक आलं. मी ते नोटीस बोर्डावर टाचण्यांनी लावलं, १३ मेच्या रकान्यात सगळ्यांना भरपगारी सुट्टी टाकली आणि विषय मिटवला.

८ मे रोजी दुपारी एक कंत्राटी कामगार खिडकीशी आला. हातात एप्रिलची पगाराची पावती. म्हणाला, "मॅडम, सव्वीस तारखेचा खाडा का लागलाय?"

मी मस्टर उघडून पाहिलं. २६ एप्रिल, शुक्रवार, गैरहजर. "तुम्ही आला नव्हता ना?"

"मतदानाला गेलतो. परभणीला."

मी त्याला सांगितलं, मतदानाची सुट्टी तेराला आहे, सगळ्यांना मिळणार आहे. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझं मत तिकडं आहे, मॅडम. तेराला मी काय करू?"

मला उत्तर सुचलं नाही. "बघते," एवढंच म्हणाले.

तो गेल्यावर मी उठून नोटीस बोर्डापाशी गेले आणि मीच लावलेलं परिपत्रक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ज्या मतदारसंघात निवडणूक आहे तिथल्या मतदारांना, ते कामानिमित्त त्या मतदारसंघाच्या बाहेर असले तरी, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची. महाराष्ट्रात तेव्हा पाच टप्प्यांत मतदान होतं: १९ एप्रिल, २६ एप्रिल, ७ मे, १३ मे आणि २० मे. परभणी, हिंगोली, नांदेड २६ एप्रिलला. लातूर, सोलापूर, सातारा, सांगली ७ मेला. म्हणजे एकाच पाळीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तिघांची सुट्टी तीन वेगवेगळ्या तारखांना येत होती. मी मात्र सगळ्यांना कारखान्याची तारीख लावून मोकळी झाले होते.

त्या संध्याकाळी मी मूळ कलम शोधून वाचलं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१, कलम १३५ब. हे कलम मूळ कायद्यात नव्हतं, १९९६ मध्ये घातलं गेलं. चारच पोटकलमं आहेत. धंदा, व्यापार, उद्योग किंवा इतर कोणत्याही आस्थापनेत कामाला असलेली आणि लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क असलेली प्रत्येक व्यक्ती, तिला मतदानाच्या दिवशी सुट्टी दिली पाहिजे. त्या सुट्टीपायी पगार कापायचा नाही. आणि ज्याला अशा दिवसाची मजुरी एरवी मिळत नाही, त्यालाही सुट्टी नसती तर जेवढी मजुरी मिळाली असती तेवढी द्यायची.

हे तिसरं वाक्य मी दोनदा वाचलं. महिन्याच्या पगारावरच्या माणसाला सुट्टी मिळाली की पगार आपोआप चालू राहतो. रोजंदारीवरच्या माणसाला सुट्टी दिली म्हणजे बहुतेक वेळा त्याला त्या दिवसापुरतं घरी बसवलेलं असतं, मजुरी नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर तो माणूस होता. माझ्या डोळ्यासमोर नव्हता, आणि तो तर रोज माझ्या खिडकीसमोरून जात होता. १३ मेला मी स्वतः सकाळी साडेसातला मत देऊन आले आणि दिवसभर घरी होते. माझ्या सुट्टीबद्दल मला कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या सुपरवायझरला बोलावलं. आमच्याकडे तेव्हा ६४ कंत्राटी कामगार होते. प्रत्येकाला विचारायचं ठरवलं, मतदार यादीत नाव कुठे आहे? सुरुवातीला लोक बिचकले. ऑफिसातून कुणी मताबद्दल विचारतंय म्हटल्यावर ते साहजिकच होतं. मग मी स्वतः पाळी सुटायच्या वेळी गेटवर उभी राहिले. कोणाला देणार ते मला सांगू नका, कुठे देणार तेवढंच सांगा, असं एकेकाला म्हणत यादी केली.

२३ जणांचं मत बाहेर होतं. आठ जणांचं २६ एप्रिलला होऊन गेलेलं. सहा जणांचं ७ मेला, म्हणजे मी यादी करायला बसले त्याच्या दोनच दिवस आधी. उरलेले नऊ उत्तर प्रदेश आणि बिहारचे.

त्या आठातले पाच जण गावी जाऊन मत देऊन आले होते आणि पाचही जणांना खाडा लागला होता. ७ मेच्या सहांतले दोघे गेले होते. हे सात जण मला दुरुस्त करता आले. मस्टरमध्ये खाडा खोडून भरपगारी सुट्टी लिहिली, सही केली, एप्रिलच्या पाचांचा फरक मेच्या पगारात काढायला लावला. ठेकेदार म्हणाला, सुट्टी कंपनीने दिली तर बिल कंपनीला लावणार. त्यावर दोन दिवस गेले. तेव्हा लागू असलेल्या कंत्राटी कामगार अधिनियम १९७० प्रमाणे ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीवर, येत होती, म्हणजे पैसे ठेकेदाराकडून येवोत की आमच्याकडून, कामगाराचा दिवस बुडता कामा नये, एवढंच मी वर लिहून दिलं. ते मान्य झालं.

पण जे सात जण गेलेच नाहीत त्यांचं काय करायचं, हे मला आजही कळलेलं नाही. तीन जण २६ एप्रिलला मशीनवर उभे होते, चार जण ७ मेला. एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "खाडा पडला असता." आणि पडलाच असता, मीच लावला असता. पगाराचा फरक पुढच्या महिन्यात काढता येतो, मताचा काढता येत नाही. ती निवडणूक त्यांच्यासाठी माझ्या मस्टरपाशी संपली होती.

बाहेरच्या राज्यांतल्या नवांपैकी काहींचं मतदान अजून व्हायचं होतं, कारण देशभरातले सात टप्पे १ जूनपर्यंत चालणार होते. बक्सरकडचा एक मुलगा १ जूनसाठी गेला. कायदा एक दिवस देतो, तोही मतदानाचा. जायचे-यायचे दिवस कायद्यात नाहीत. त्याने चार दिवसांची रजा मागितली. मी एक दिवस भरपगारी सुट्टी लिहिला आणि उरलेले तीन त्याच्या शिल्लक रजेतून. आठ जण त्या वर्षी गेले नाहीत. तिकिटाचा, प्रवासाचा हिशेब त्यांचा त्यांनी केला होता आणि तिथे माझा इलाज नव्हता. पण निदान त्यांना तारीख आणि हक्क दोन्ही माहीत होते.

याच दिवसांत वरून एक सूचना आली. पूर्ण दिवस बंद ठेवण्याऐवजी दोन तासांची सवलत द्यावी, परदेशात असंच असतं. मी ते शोधलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. कॅनडात मतदानाच्या वेळेत कामगाराला सलग तीन तास मोकळे मिळाले पाहिजेत, आणि त्यासाठी गरज पडेल तेवढा वेळ मालकाने पगार न कापता द्यायचा. ज्याची पाळी अशी आहे की त्याच्याकडे तीन तास आधीच आहेत, त्याला वेगळा वेळ नाही. अमेरिकेत सगळ्या देशाला लागू असा कायदाच नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात गरज असेल तर दोन तासांपर्यंत भरपगारी वेळ आहे, काही राज्यांत काहीच नाही. ब्रिटनमध्ये गुरुवारी, कामाच्या दिवशी मतदान होतं आणि मालकावर असं कायदेशीर बंधन नाही, पण केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं आणि टपालाने मत देता येतं. जर्मनी आणि फ्रान्समध्ये मतदान रविवारी. ऑस्ट्रेलियात शनिवारी, आणि तिथे मत देणं सक्तीचं आहे.

कॅनडाचा हिशेब मला आवडला. पाळ्यांचे तक्ते करणाऱ्या माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. पण तो चालतो तो काम आणि मतदान केंद्र जवळ असलं तर. परभणीचा माणूस आमच्याकडून रात्रीच्या बसने निघाला तर सकाळी पोचतो. त्याला दोन तास देऊन काय होणार? आमच्या कायद्यात तास मोजलेले नाहीत, सुट्टी म्हटलं आहे, आणि जिथे कामासाठी एवढी माणसं घरापासून एवढ्या लांब राहतात तिथे तेच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. राज्याच्या परिपत्रकात पूर्ण दिवस शक्यच नसेल तर काही तासांच्या सवलतीची सोय आहे, पण ती अपवाद म्हणून आणि आधी परवानगी घेऊन. मालकाला सोयीचं म्हणून नाही. हे मी साहेबांना वाचून दाखवलं.

मग पाळ्यांचा प्रश्न आला. "दुसरी पाळी तीनला सुरू होते, सकाळी सातपासून मतदान आहे, त्यांना कशाला सुट्टी?" असं विचारणारा माणूस वाईट नसतो, त्याच्या डोक्यावर उत्पादनाचा आकडा असतो. पण कलमात पाळी हा शब्द नाही. प्रत्येक व्यक्ती म्हटलं आहे. आणि सकाळी सातची रांग कधी संपते हे रांगेत उभ्या असलेल्यालाच माहीत. आमच्याकडे सहाला मतदान बंद होतं तेव्हा जे रांगेत असतात त्यांना चिठ्ठ्या देऊन त्यांचं मत घेतलं जातं, म्हणजे रांगा किती लांबतात ते आयोगालाही माहीत आहे.

सगळ्यात अवघड तिसरी पाळी. रात्री ११ ते सकाळी ७. १२ तारखेच्या रात्री कामावर आलेला माणूस १३ तारखेला सकाळी सात वाजता सुटतो. त्याची सुट्टी कोणती? बारा वाजल्यानंतरचे सात तास त्याने तेरा तारखेला काम केलंय. तेव्हा आमच्याकडे कारखाने अधिनियम १९४८ लागू होता. त्याच्या कलम ५७ मध्ये साप्ताहिक सुट्टीपुरता याचा उलगडा आहे: रात्रपाळीवाल्याची सुट्टी त्याची पाळी सुटल्यापासून पुढचे सलग २४ तास. आम्ही तोच धागा धरला. बाराच्या रात्री आलेले सकाळी सातला सुटले आणि तेराच्या रात्री पाळी लावली नाही. तरी मला ते मनापासून पटलं नव्हतं. रात्रभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस सकाळी आधी झोपणार की रांगेत उभा राहणार? पुढच्या वेळी, २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला, मी आदल्या रात्रीची तिसरी पाळीच रद्द करा असा आग्रह धरला. दोन विभागांत झाली. भट्टीवर झाली नाही.

भट्टीबद्दल थोडं सांगते, कारण तिथेच कायद्यातली पळवाट शोधली जाते. चौथं पोटकलम म्हणतं, ज्या मतदाराच्या गैरहजेरीमुळे तो ज्या कामावर आहे त्या कामात धोका किंवा मोठं नुकसान होऊ शकेल, त्याला हे कलम लागू नाही. हे वाक्य दाखवून अख्खा कारखाना चालू ठेवायचा प्रस्ताव मी ऐकलेला आहे. पण वाक्य नीट वाचा. ते मतदाराबद्दल आहे. त्या एका माणसाच्या नसण्याने काय होईल, असं विचारलं आहे. आमची उष्णता-प्रक्रियेची भट्टी बंद करून पुन्हा तापवायला दोन दिवस लागतात, ते नुकसान खरं आहे. तिच्यासाठी पाळीला दोन माणसं लागतात. पॅकिंगच्या टेबलावरच्या अकरा जणांच्या नसण्याने धोका होत नाही, माल एक दिवस उशिरा जातो. म्हणून मी प्रत्येक नावापुढे कारण लिहायला सांगितलं. नाव, काम, तो नसेल तर नेमकं काय होईल. तीन विभागप्रमुखांनी मिळून सुरुवातीला ४१ नावं दिली होती. कारण लिहायची वेळ आली तेव्हा उरली आठ. त्या आठांना कायद्याने सुट्टी नाही, तरी आम्ही त्यांना पाळी बदलून मत द्यायला सोडलं. नोव्हेंबरमध्ये आठही जणांनी मत दिलं. शेवटचा संध्याकाळी साडेपाचला धावत गेला.

अजून दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या मी इतर ठिकाणी काम करणाऱ्या ओळखीच्यांकडून वारंवार ऐकते. पहिली, सुट्टीची अदलाबदल. मतदानाचा दिवस साप्ताहिक सुट्टी म्हणून दाखवायचा आणि त्या आठवड्यातल्या रविवारी काम करून घ्यायचं. कागदावर सगळं जुळतं. कामगाराची मात्र एक सुट्टी गेलेली असते. त्याला मतदानाची सुट्टी मिळालीच नाही, स्वतःचीच साप्ताहिक सुट्टी त्याने मतदानासाठी वापरली. हे मी माझ्या मस्टरमध्ये लिहिणार नाही, असं मी सांगून ठेवलं आहे.

दुसरी, बोटावरची शाई. शाई दाखवा तर सुट्टीचा पगार, नाहीतर खाडा. ऐकायला चांगलं वाटतं, लोक मत देतील म्हणून. पण कलमात मत देण्याचा हक्क असलेली व्यक्ती म्हटलं आहे, मत दिलेली व्यक्ती नाही. आपल्याकडे मत द्यायचं की नाही हे माणसाने स्वतः ठरवायचं असतं. यादीतून नाव गेलेलं कळलं म्हणून केंद्रावरून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची बोटं तपासून पगार कापायचा? माझ्या खिडकीवर कुणी बोट पुढे केलं की मी हात खाली घ्यायला सांगते.

दंड किती, असं मला एका तरुण सुपरवायझरने विचारलं होतं. ५०० रुपयांपर्यंत. तो हसला नाही, पण त्याने मान ज्या तऱ्हेने हलवली ती मला लक्षात आहे. १९९६ मध्ये लिहिलेला आकडा आहे तो. मला वाटतं तो वाढायला हवा, आणि माणसामागे मोजायला हवा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचं नावही या कलमात नाही, लोकसभा आणि विधानसभा एवढंच आहे. गावच्या पंचायतीच्या मतासाठी माणसाला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागते. जिथे त्याच्या घरासमोरचा नळ ठरतो ती निवडणूक कायद्याबाहेर राहिली, हे मला खटकतं.

आता आमच्याकडे कामावर घेतानाच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: मतदार यादीत नाव कोणत्या मतदारसंघात. सक्तीचा नाही. निवडणूक जाहीर झाली की मी त्या रकान्यावरून तारखा लावते आणि प्रत्येकाला पंधरा दिवस आधी चिठ्ठी देते. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहार विधानसभेचं मतदान ६ आणि ११ तारखेला होतं. आमच्याकडच्या सात जणांपैकी चार जण गेले. चौघांच्याही नावापुढे मी आधीच सुट्टी लिहून ठेवली होती.

फक्त गेटवरचे सुरक्षारक्षक माझ्या मस्टरवर नाहीत. त्यांची एजन्सी वेगळी, हजेरी वेगळी. मेमध्ये मी यादी करत गेटवर उभी होते तेव्हा सगळ्यांना विचारलं आणि जो माणूस माझ्यासाठी गेट उघडत होता त्याला विचारायचं राहिलं. विधानसभेला कळलं की बारा तासांच्या पाळीमुळे चौघांपैकी तिघांनी मत दिलं नव्हतं. मी एजन्सीला पत्र लिहिलं, कलमाची प्रत जोडली, रक्षकांची नावं आणि मतदारसंघ मागवले. पत्राची पोच माझ्या फाइलीत आहे. उत्तर आलं नाही, म्हणून गेल्या महिन्यात दुसरं पत्र लिहिलं, आणि या वेळी चौघांची नावं मीच त्यांना विचारून खाली लिहिली.